बोधनकरांच्या दीपाची स्कॉलरशिप

पुरुषोत्तम बोधनकर मूळचे अमरावतीचे. पाइपिंग डिझायनर. रिफायनरीत एकमेकांना वळसे घालत जाणारे पाइप दिसतात ना, ते कुठून निघतील, कुठे वळतील, कुठे त्यांना खालून आधार लागेल, हे कागदावर आखणारा माणूस. चौऱ्याहत्तर साली बायको सुमित्रा आणि पाच वर्षांची दीपा यांना घेऊन ते ह्यूस्टनला आले. धाकटा रवी इथेच जन्मला. शुगर लँडमध्ये त्यांचं घर आमच्या घराच्या मागच्याच रस्त्यावर होतं, त्यामुळे पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं.

कोणाचाही नळ गळायला लागला की पुरुषोत्तमरावांना फोन जायचा. ते पाना घेऊन यायचे, सिंकखाली अर्धे आत शिरून काम करायचे आणि चहा घेऊन निघून जायचे. त्यांना 'नाही' म्हणता यायचं नाही. शेजाऱ्यांना नाही, ऑफिसला तर त्याहून नाही.

ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली तशी आमच्यापैकी बहुतेकांनी सिटिझनशिपचे अर्ज केले. माझे यजमान राजीव त्यांना दरवर्षी विचारायचे, "पुरुषोत्तम, तू कधी करतोयस?" ते म्हणायचे, "करू की. घाई काय आहे? ग्रीन कार्डावर सगळं चालतंय." त्यात देशभक्तीचा आव नव्हता. अमरावतीला परत जायचं असं त्यांनी ठरवलं होतं असं नाही. जायचं नाही, असंही कधी ठरवलं नव्हतं.

त्र्याऐंशीच्या एप्रिलात त्यांच्या कंपनीनं त्यांना अबूधाबीच्या प्रोजेक्टवर जायला सांगितलं. ह्यूस्टनमध्ये तेव्हा तेलाचं काम कमी व्हायला लागलं होतं. मॅनेजरनं सरळच सांगितलं, की जो अबूधाबीला जाईल त्याची नोकरी राहील. पुरुषोत्तमराव गेले. परतायला चौदा महिने लागले.

त्याच ऑगस्टात ॲलिशिया वादळ आलं. सुमित्रा दोन मुलांना घेऊन बाथरूममध्ये बसून होती. वर गादी धरलेली, बाहेर कुंपणाच्या फळ्या उडतायत. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. वादळानंतर शाळेच्या मैदानात नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, ट्रक उभे राहिले, बर्फ आणि पाणी वाटायला. सुमित्रा रवीला सोडून जाऊ शकत नव्हती, म्हणून चौदा वर्षांची दीपा रांगेत उभी राहिली. तिथे सगळ्यांना हुकूम देणारी एक तरुण बाई होती, लेफ्टनंट. लोक भांडत होते, पुढे घुसत होते. त्या बाईनं आवाज न चढवता पंधरा मिनिटांत रांग सरळ केली. म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं. दीपाला विचारलं, "घरी किती जण आहात?" आणि बर्फाची एक पिशवी जास्त दिली.

दीपा घरी आली ती त्या बाईबद्दलच बोलत. मलाही तिनं तेच सांगितलं, "मावशी, शी वॉज सो काम! एकदम शांत!" पुढच्या वर्षी शाळेतल्या ज्युनिअर आर.ओ.टी.सी.त तिनं नाव घातलं. आपल्याकडच्या एन.सी.सी.सारखंच. दर गुरुवारी गणवेश घालून शाळेत जायची. सुमित्रा त्याला इस्त्री करायची आणि मला म्हणायची, "पोरीचं खूळ आहे, जाईल."

खूळ गेलं नाही. शहाऐंशीत तेलाचा भाव कोसळला आणि शुगर लँडमध्ये रस्त्यारस्त्यावर 'फॉर सेल'च्या पाट्या लागल्या. पुरुषोत्तमरावांची नोकरी गेली. अबूधाबीला जाऊन वाचवलेली, तीच नोकरी. एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांना काम मिळालं, पाइप आणि नळांच्या विभागात. लाल एप्रन घालून ते गिऱ्हाइकांना वॉशर शोधून द्यायचे. घरी त्याविषयी काही बोलायचे नाहीत.

दीपाचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू होत होतं. कॉलेजसाठी बाजूला काढलेलं सगळं घराच्या हप्त्यांत जाऊ लागलं होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. शाळेत आर.ओ.टी.सी. शिकवणाऱ्या सार्जंटनं तिला बोलावून आर्मीच्या स्कॉलरशिपबद्दल सांगितलं. चार वर्षांची फी, पुस्तकं, वर महिन्याला हातखर्च. त्या बदल्यात कॉलेज करता करता अधिकाऱ्याचं प्रशिक्षण, आणि नंतर ठरलेली वर्षं सैन्यात नोकरी. दीपाला ऑस्टिनला सिव्हिल इंजिनीअरिंग करायचं होतं आणि सैन्यात पूल बांधायचे होते. तिच्या दृष्टीनं ही स्कॉलरशिप जणू तिच्यासाठीच काढली होती.

सार्जंटनं एक प्रश्न विचारला. "तू अमेरिकन नागरिक आहेस ना?"

त्या संध्याकाळी दीपानं तोच प्रश्न बाबांना विचारला. पुरुषोत्तमराव म्हणाले, "ग्रीन कार्ड आहे." ती म्हणाली, "दॅट्स नॉट द सेम, बाबा." कॉलेज सुरू व्हायच्या आत नागरिक असणं सक्तीचं होतं. अठरा वर्षांखाली तिला स्वतःला अर्ज करता येत नव्हता. पण आई आणि वडील दोघंही तिच्या अठराव्या वाढदिवसाआधी नागरिक झाले, तर तीही आपोआप होणार होती. तिचा वाढदिवस होता जुलैत.

"एवढंच ना?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "करू. त्यात काय!"

यावेळी त्यांनी खरंच दिरंगाई केली नाही. ऑक्टोबरातच दोघांचे अर्ज गेले. सुमित्रा पोळ्या लाटताना राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करायची. रवी तिची परीक्षा घ्यायचा.

इकडे दीपाची परीक्षा चालू होती. मला वाटायचं, मार्क चांगले असले की स्कॉलरशिप मिळते. तसं नव्हतं. शाळेतले मार्क, एस.ए.टी. या प्रवेशपरीक्षेचे मार्क, खेळ, शिक्षकांची शिफारस, सगळं ते मागवत. मग मुलांना पळायला लावत, जोर काढायला लावत, डॉक्टरकडून डोळ्यांपासून तळपायांपर्यंत तपासून घेत. शेवटी तीन अधिकाऱ्यांसमोर मुलाखत. या सगळ्याचे मिळून गुण, आणि देशभरातल्या मुलांची एकच क्रमवार यादी. वरच्यांना मिळणार. कोणी गळलं तर खालचा वर सरकणार.

मुलाखत ह्यूस्टनच्या विद्यापीठात होती. मुख्य अधिकारी होते मेजर हॉलोवे. त्यांनी विचारलं, "तुझ्या हाताखालचा सार्जंट तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे आणि तो चुकतोय. काय करशील?"

दीपा म्हणाली, "त्याला बाजूला घेऊन सांगेन, सर. आमच्या घरात मोठ्यांना चारचौघांत दुरुस्त करत नाहीत. पण सांगेन नक्की."

मेजर हसले म्हणे, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मार्चमध्ये निकाल आला. चार वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप, ऑस्टिन. सुमित्रानं शिरा केला आणि आम्हाला बोलावलं. युद्ध झालं तर काय, ही तिची धास्ती गेली नव्हती, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच पुरुषोत्तमरावांना मोठ्यानं हसताना मी पाहिलं. ते राजीवना म्हणाले, "माझ्या पोरीला कर्नल, मेजर सगळे सॅल्यूट मारतील." दीपा म्हणाली, "बाबा, इट्स द अदर वे. मी मारायचा असतो."

एप्रिलात सिटिझनशिपच्या मुलाखतीला दोघं एकाच दिवशी गेले. सुमित्रा आधी आत गेली आणि सगळी उत्तरं बरोबर देऊन बाहेर आली. मग पुरुषोत्तमराव गेले. अधिकाऱ्यानं विचारलं, "गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर किती काळ होता?"

त्यांनी खरं ते सांगितलं. एप्रिल त्र्याऐंशी ते जून चौऱ्याऐंशी.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. तो भला माणूस होता, पुरुषोत्तमराव स्वतःच नंतर म्हणायचे. त्यानं समजावून सांगितलं, की सलग एक वर्षाहून जास्त बाहेर राहिलं की वास्तव्य तुटतं. मग परत आल्यापासून पुन्हा चार वर्षं आणि एक दिवस मोजावा लागतो. "पुढच्या वर्षी जूननंतर या, सर." अमेरिकन कंपनीसाठी बाहेर जाणाऱ्यांना त्यातून सूट असते, पण ती वर्ष पुरं व्हायच्या आत मागावी लागते. त्र्याऐंशीत सिटिझनशिपचा विचारच डोक्यात नसलेल्या माणसाला ही सूट ठाऊक कुठून असणार?

मी तेव्हा एका वकिलाकडे टायपिस्ट होते. दुसऱ्याच दिवशी मी त्या दोघांना माझ्या साहेबांकडे, मिस्टर केसलरांकडे नेलं. केसलरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, सुमित्राचा शपथविधी जूनच्या मध्याला आहे. त्यानंतर ती एकटी दीपासाठी अर्ज करू शकते. पण त्या अर्जाची सुनावणी होऊन दीपाची शपथही वाढदिवसाच्या आत व्हायला हवी. "मध्ये जेमतेम तीन आठवडे राहतात. आणि मे महिन्यापासून तर त्याच ऑफिसात माफी योजनेचे लोक येणार आहेत." वर्षानुवर्षं कागदपत्रांशिवाय राहिलेल्यांना सरकार त्याच महिन्यापासून कायदेशीर करणार होतं. ह्यूस्टनमध्ये असे लोक लाखाच्या घरात होते.

"दुसरा काहीच मार्ग नाही?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

केसलर कायदा वाचून दाखवावा तसं म्हणाले, "आई-वडिलांपैकी एक हयात नसेल, किंवा दोघं कायद्यानं विभक्त असून मूल एकाच्या ताब्यात असेल, तर त्या एकाची नागरिकता पुरते. आपोआप, त्याच दिवशी."

"म्हणजे मी नसतो, तर झालं असतं," पुरुषोत्तमराव म्हणाले.

सुमित्रानं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

दोन दिवसांनी सुमित्राचा फोन आला, "उत्तरा, जरा ये." गेले तर तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलेली. रवीला शेजारी खेळायला पाठवलं होतं. पुरुषोत्तमरावांनी दुकानातला एप्रनही काढला नव्हता.

"वहिनी, तुम्हाला माहीत असेल," ते म्हणाले. "टेक्ससमध्ये डिव्होर्सला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "साठ दिवस तरी. का?"

"म्हणजे आत्ता दाखल केला तर जूनच्या शपथेच्या आत होईल. कागदावरच फक्त. मुलं सुमित्राच्या ताब्यात. मी राहीन राजीवकडे, नाहीतर कुठेही. जुलै झाला की पुन्हा लग्न करू."

मी सुमित्राकडे पाहिलं. ही बाई मंगळसूत्र वाढलं तर त्या दिवशी घराबाहेर पडायची नाही. मला वाटलं, आता ही रडणार. ती शांतपणे म्हणाली, "करू या. माझी हरकत नाही. अमरावतीला कळवायचं नाही म्हणजे झालं."

तेव्हा पुरुषोत्तमरावांनाच ते सहन झालं नाही. विषय त्यांनी काढलेला, पण ती इतक्या सहज हो म्हणेल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दीपा म्हणाली, "नो."

"दीपू, हे नुसतं कागदावर..."

"नो, बाबा. आय ॲम नॉट डूइंग दॅट." मग ती मराठीत बोलायला लागली. ती मराठीत बोलायची म्हणजे शब्द शोधत बोलायची. "ऑफिसर होताना ते शपथ देतात. खोटं नाही बोलणार, असं. आणि मी तिथे जाणार कशी, तर तुम्ही जजसमोर खोटं बोललात म्हणून? मला नको. आणि मला तुमचा डिव्होर्स नको. एक दिवस पण नको."

"मग स्कॉलरशिपचं काय?" सुमित्रा म्हणाली.

"आय डोन्ट नो, आई."

सुमित्रानं उठून माझ्यापुढे चहा ठेवला. त्यात साखर घालायला ती विसरली होती. मी तसाच प्यायले.

पुरुषोत्तमराव मेजर हॉलोवेंना भेटायला गेले. एकटेच, सूट घालून. नोकरीच्या मुलाखतींना घालायचे तोच सूट. मेजरांना त्यांनी सांगितलं, की बाहेर गेलो मी, अर्ज केला नाही मी, यात मुलीचा काही दोष नाही. एक वर्ष ही स्कॉलरशिप थांबवून ठेवता येईल का? मेजरांनी त्यांच्यासमोरच वरच्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ बोलले. फोन ठेवून म्हणाले, "थांबवता येत नाही, सर. कॉलेज सुरू होईल त्या तारखेला ती नागरिक नसेल तर यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल."

"माझी चूक आहे, हे मी कोणाला सांगू?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"सांगण्यासारखं कोणी नाही," मेजर म्हणाले. दारापर्यंत पोचवायला आले आणि हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या मुलीसारखी मुलं मला फार भेटत नाहीत."

हे सांगताना पुरुषोत्तमराव आमच्या गॅरेजमध्ये उभे होते. राजीवना म्हणाले, "मी तेव्हा इथे असतो, तर ती बर्फाच्या रांगेत गेलीच नसती. मीच गेलो असतो. तिला ती लेफ्टनंट भेटली नसती, आणि हे काही झालंच नसतं." राजीव म्हणाले, "असा विचार करू नकोस."

जूनमध्ये सुमित्राची शपथ झाली. त्याच दुपारी केसलरांनी दीपाचा अर्ज दाखल केला, लवकर सुनावणीची विनंती जोडून. तारीख मिळाली ऑगस्टची. कोणाची चूक नव्हती. तिथले लोक जेवणाची सुट्टी न घेता काम करत होते. मी स्वतः पाहिलं, बाहेरची रांग इमारतीला वळसा घालून पार्किंगपर्यंत गेलेली, बायका पोरांना कडेवर घेऊन उन्हात उभ्या. त्या रांगेवर राग तरी कसा धरायचा?

जुलैत दीपा अठरा वर्षांची झाली. आम्ही केक घेऊन गेलो. तिनं मेणबत्त्या विझवल्या, सगळ्यांना केक वाढला, भांडीही घासली. आईनं केलेला अर्ज त्या दिवशी निकामी झाला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या नावानं नवा अर्ज भरला आणि त्या रांगेच्या शेवटी उभी राहिली. ऑगस्टात स्कॉलरशिप रद्द झाल्याचं कळलं. यादीतलं पुढचं मूल कोण, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

ऑस्टिन राहूनच गेलं. ती घरी राहून ह्यूस्टनच्या विद्यापीठात जाऊ लागली. मेजर हॉलोवेंनी तिला तिथल्या आपल्या अधिकारी-प्रशिक्षणाच्या वर्गात घेतलं. स्कॉलरशिप नाही, सैन्याशी करार नाही, पण वर्गात बसता येत होतं, गणवेश मिळत होता. भल्या पहाटे उठून ती कवायतीला जायची. फीसाठी संध्याकाळी एका ग्रोसरीच्या गोदामात काम करायची, दुधाचे क्रेट उतरवायचं. पहिल्या हिवाळ्यात तिथल्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांत ती पुन्हा पळायला लागली. पुरुषोत्तमराव सायकलवर तिच्याबरोबर जायचे, हळूहळू, मागून.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात ती अमेरिकन नागरिक झाली. मेजरांनी लगेच बोलावलं. उरलेल्या वर्षांसाठी वेगळी स्कॉलरशिप असते, अर्ज कर म्हणाले. ती जरी नाही मिळाली, तरी आता करार करून अधिकारी होता येईल. घरात कोणी आनंद दाखवला नाही. सुमित्रा म्हणाली, "आधी होऊ दे."

पुन्हा वैद्यकीय तपासणी झाली. गुडघ्यावरचे व्रण पाहून लष्कराच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचे कागद मागवले. फेब्रुवारीत उत्तर आलं, अपात्र. मेजरांनी फेरविचारासाठी लिहिलं. तिचा मैल पळायचा वेळ सोबत जोडला, तो वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा चांगला होता. पुन्हा तेच उत्तर आलं.

दीपा रडली की नाही मला माहीत नाही. माझ्यासमोर नाही. पुरुषोत्तमराव मात्र त्यानंतर आमच्याकडे येईनासे झाले. एकदा आमचा नळ गळत होता. राजीवनी मुद्दाम फोन केला, म्हणजे त्या निमित्तानं येतील. ते आले, काम केलं. चहाला थांबले नाहीत.

सेमिस्टर संपल्यावर गणवेश परत करायचा होता. दोन जोड, बूट, टोपी, कमरेचा पट्टा, सगळं मोजून घेतात. दीपाची गाडी बिघडली होती, म्हणून पुरुषोत्तमराव तिला घेऊन गेले. पुढचं मला तिनंच सांगितलं, खूप नंतर. ती तेव्हा इंजिनीअर होऊन काउंटीच्या पाणी निचऱ्याच्या खात्यात लागली होती.

बाबा गाडीतच थांबले. ती आत जाऊन सामान देऊन आली. तिथल्या सार्जंटनं बुटांकडे पाहून म्हटलं, असे पॉलिश केलेले परत कोणी देत नाही. ती येऊन बसली. बाबांनी गाडी सुरू केली. ए.सी. धड चालत नव्हता, काचा खाली होत्या. फ्रीवेवर लागल्यावर बाबा काहीतरी बोलणार असं तिला वाटत होतं, आणि बोलू नयेत असंही वाटत होतं. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत चालवत राहिले.

"बाबा, आपली एक्झिट गेली," ती म्हणाली.

"हो का?" ते म्हणाले. पुढच्या एक्झिटची पाटी आली, तीही गेली. तिनं पुन्हा सांगितलं नाही. बऱ्याच अंतरावर, जिथे शेतं सुरू होतात तिथे, त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "तू सकाळपासून काही खाल्लं आहेस का?"

ती म्हणाली, "नाही." मग दोघं तिथल्याच एका साध्या हॉटेलात बसून फ्राइज खात राहिली, आणि संध्याकाळी घरी आली.